सातव्या ओळीतलं तेरावं झाड

नकाशावाचन कसं शिकवावं, हे मला परवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एका द्राक्ष बागायतदाराने शिकवलं. मी विचारलं नव्हतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचा एक तुकडा हातात धरून मी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभा होतो. माझा गुन्हा एवढाच.

मी कोण ते एका दमात सांगतो. शाळेत मराठी शिकवतो. ‘तुम्ही ताठ चालता’ एवढ्या भांडवलावर मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात एनसीसी बांधली. कामठीच्या अकादमीत जाऊन आलो, खांद्याला फीत लागली, हुद्दा मिळाला थर्ड ऑफिसर. सासरेबुवा अजूनही विचारतात, ‘पहिले दोघं कुठे असतात?’ येत्या शनिवारी आठवी-नववीच्या कॅडेटना मी नकाशावाचन शिकवायचं आणि युनिटमधून साहेब येऊन मागच्या बाकावर बसणार, असं ठरलंय. मुख्याध्यापकांनी बजावलं, ‘नुसतं व्याख्यान नको. काहीतरी कृतियुक्त करा.’

हे ‘काहीतरी’ मला एकाच तासिकेसाठी दोनदा लिहावं लागतं. शाळेला हवं असतं पाठ टाचण: उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, शिवाय बी.एड.ला घोकलेल्या हर्बार्टच्या पाच पायऱ्या. फौजेची तऱ्हा निराळी. तिथे धडा सुरू होतो तो ‘शुरू-शुरू का काम’ या कलमाने. खरंच, असंच नाव आहे. त्यात वर्गाची गिनती, गट पाडणं, सामानाची तपासणी. मग ‘दोहराई’, मग ‘पहुँच’, मग ‘उद्देश’, मग ‘भागों में बाँट’. कवायत असेल तर आधी बयान (सांगणं), मग नमूना (करून दाखवणं), मग अभ्यास (करून घेणं). मला मनातून फौजेची पद्धत आवडते. शुरू-शुरू का काम म्हटल्यावर कुणी फाटे फोडत नाही. टाचणवहीत मात्र ‘पूर्वज्ञान जागृत करणे’ असं लिहावं लागतं, आणि आमच्या नववी ‘ब’चं पूर्वज्ञान काही केल्या जागं होत नाही.

तर पद्धत निवडायची होती. प्रोजेक्टर आहे, पण त्याची वायर संगणक कक्षात, कक्षाची किल्ली संगणकाच्या सरांकडे आणि सर मतदार यादीच्या कामावर. थर्माकोलचा डोंगर करावा, तर २०१८च्या बंदीपासून थर्माकोल हा शब्दसुद्धा दुकानात हळू आवाजात काढावा लागतो. उरलं काय, तर भुशाचं सँड मॉडेल आणि नकाशाची मोठी प्रत. मॉडेलचं पुढे सांगतो. प्रतीसाठी मी दुकानात गेलो.

दुकानदाराने नकाशा उलटसुलट करून पाहिला. ‘मिलिटरीचा तर नाही ना सर? इथे देवळाली जवळ आहे, नाशिकरोडला तोफखाना आहे. उद्या काही झालं तर माझ्या दुकानावर यायचं.’ मी सांगितलं, हा सगळ्यांना खुला असलेला नकाशा आहे, आणि २०२१ साली सरकारने नकाशांवरची बंधनं बरीच सैल केली आहेत. त्याला पटलं नाही. ‘तरी एक आधारची झेरॉक्स ठेवून जा.’ ठेवली. तिचे दोन रुपये त्याने माझ्याच बिलात धरले.

तेवढ्यात खांद्यावरून आवाज आला.

‘काय करू राहिले सर? जमीन घेऊ राहिले का?’

पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफार आणि मोजणीची ‘क’ प्रत. निफाडकडचे काका. प्रांताच्या कचेरीतली तारीख पुढे ढकलली गेल्यामुळे त्यांच्याकडे अख्खी दुपार शिल्लक होती.

‘नाही काका, शाळेसाठी आहे.’

‘शाळेला एवढी जमीन?’

मी एनसीसी, कॅडेट, नकाशावाचन, सगळं सांगितलं. काकांनी नकाशा माझ्या हातातून घेतला (लोक दुसऱ्याचा पेपर घेतात तसा, न विचारता), काउंटरवर पसरला आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, ‘यात आमचा गट नंबर कुठंय?’

‘यात गट नंबर नसतात. हा एकास पन्नास हजार प्रमाणाचा आहे. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.’

‘म्हणजे बांध दिसत नाय.’

‘नाही.’

‘मग पोरांना दाखवता काय?’

मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, नकाशावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते, तिच्यावरून काढलेल्या सहा आकडी संदर्भावरून जमिनीवरची कुठलीही जागा शंभर मीटरच्या आत शोधता येते. एखाद्या मंत्रासारखा हा आकडा मी वर्गात उच्चारतो. काका तुच्छतेने हसले. ‘शंभर मीटर? शंभर मीटरात आमच्या भावाचं घर, त्याची विहीर अन् निम्मा बाग येतो. माझा तंटा दोन फुटांचा आहे.’

रांगेतले सगळे हसले. दुकानदारही हसला आणि त्या हसण्याच्या भरात त्याने प्रत ए-फोरवरून ए-थ्रीवर मोठी करून टाकली, १४१ टक्के. मी म्हटलं, ‘अहो, असं केल्यावर एकास पन्नास हजार राहत नाही, ते एकास साधारण पस्तीस हजार होतं.’ खाली छापलेली प्रमाणाची पट्टी नकाशाबरोबर वाढते, म्हणून मोठ्या केलेल्या प्रतीवर अंतर मोजायचं ते त्या पट्टीनेच. मुलांना हे सांगायला विसरलं की सगळी पलटण गंगापूर धरणात उतरते. दुकानदार म्हणाला, ‘पंधरा हजार कमी झाले ना? मग चांगलंच आहे. पैसे तेवढेच घेतो.’

काका आता समोच्च रेषांपर्यंत पोचले होते. ‘या काय जिलब्या काढल्यात?’ मी सांगितलं, एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या असतात. दोन रेषांमध्ये वीस मीटरची चढण. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. हे सांगताना मी हाताची मूठ करून डोंगरही दाखवला, कामठीला शिकवलं होतं तसा.

‘हां, म्हणजे समतल चर!’ काका एकदम खुलले. ‘अहो, पाणलोटाच्या कामात आम्ही अख्खी टेकडी आखलीय. दोन लांब काठ्या, एक आडवी, ए-च्या आकारात बांधायच्या. मधून दगड लावून दोरी सोडायची. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली का दोन्ही पाय सारख्या उंचीला. तिथं चुना टाकायचा, फ्रेम फिरवायची, पुन्हा चुना. चढलं नाय, उतरलं नाय. एका दिवसात पोराला येतं. तुम्ही हे झेरॉक्सवर का शिकवता?’

मी उत्तर दिशेकडे वळलो. ती माझी हुकमी जागा आहे. म्हटलं, नकाशात तीन उत्तर दिशा असतात: खरी म्हणजे ध्रुवाकडची, चुंबकीय म्हणजे होकायंत्राची आणि जाळीची म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेषांची.

‘तीन?’ काकांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. ‘मोजणीवाल्याला सांगू नका. तीन बांध टाकील.’

‘आपल्याकडे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेत एका अंशाचासुद्धा फरक नाही, काका.’

‘मग शिकवता कशाला?’

‘ए सर्टिफिकेटच्या परीक्षेत येतं.’

यावर त्यांनी जो चेहरा केला, तो माझ्या टाचणवहीत ‘मूल्यमापन’ या रकान्यात चिकटवण्याजोगा होता.

आणि मग शेवटचा घाव. मी म्हटलं, त्या सहा आकडी संदर्भात पूर्वेचा (उभ्या रेषेचा) आकडा आधी घ्यायचा की उत्तरेचा (आडव्या रेषेचा), यात पोरं हमखास गोंधळतात. काका म्हणाले, ‘त्यात काय! बागेत मजुराला सांगतो ना, सातव्या ओळीतलं तेरावं झाड, भुरी आलीय, बघ. आधी ओळ, मग झाड. कधी तेराव्या ओळीतलं सातवं गाठत नाय.’ एवढं बोलून ते थांबते तर ठीक होतं. त्यांनी दुकानातल्या पोऱ्याला हाक मारली, वह्यांच्या मांडणीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘डावीकडनं तिसरा उभा खण, खालून पाचवा कप्पा, आण.’ पोऱ्याने बरोबर आणलं. ‘आता तू यांना सांग.’ पोऱ्याने रांगेतल्या एका कॉलेजकन्येला सांगितलं, तिनेही बरोबर काढून दाखवलं.

बयान, नमूना, अभ्यास. पाठ टाचणाशिवाय, साहित्याच्या यादीशिवाय. शुरू-शुरू का कामसुद्धा झालं होतं, कारण रांगेची गिनती त्यांनी आल्या आल्याच केली होती: ‘माझ्यापुढं चार जण आहेत, मला घाई नाय.’

दुकानदार मला म्हणाला, ‘सर, तुम्ही काकांनाच शाळेत का नेत नाही?’

काका छान शिकवतात हो, कबूल. पण त्यांच्याकडे टेकडी आहे, चुना आहे आणि दिवस आहे. माझ्याकडे पेव्हर ब्लॉक बसवलेलं मैदान आहे, ज्याच्यात खुंटी ठोकली तर पालक-शिक्षक संघ जाब विचारतो. अख्ख्या शाळेत एकच उतार आहे, तो म्हणजे रॅम्प, आणि त्यावर मुख्याध्यापकांची स्कूटर असते. तासिका ४० मिनिटांची. त्यातली पहिली दहा बूट का नाहीत हे ऐकण्यात जातात आणि शेवटची दहा समोसा कधी आहे या प्रश्नात. उरल्या वेळात खरी, चुंबकीय आणि जाळीची. प्रश्नपत्रिका कुणी दुसराच काढतो, तपासणी तिसराच करतो, आणि शिकवण्याच्या पद्धतीवर भाषण वाटेतला कुणीही देतो. साधनं मात्र ‘स्थानिक पातळीवर उपलब्ध’ करायची असतात. ती स्थानिक पातळी म्हणजे माझा खिसा.

सँड मॉडेलचंच घ्या. फार नाही लागत: दोन पोती भुसा, हिरवा-निळा पावडरचा रंग, घरांसाठी काड्यापेट्या, जाळीसाठी दोरा. पांडवलेणीचा डोंगर पाऊण तासात उभा राहतो आणि पोरं खरोखर चवड्यांवर उभी राहून बघतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून अर्ज केला. कार्यालयातून अर्ज परत आला, वर लाल शाईत शेरा: ‘तीन दरपत्रके जोडावीत.’ भुशाची! मी लिपिकांना म्हटलं, दोन पोत्यांना दरपत्रकं? ते म्हणाले, ‘ऑडिटला लागतात सर. एक जीएसटीवालं असलं तर उत्तम.’

काल संध्याकाळी पेठ रोडकडच्या एका वखारीत गेलो. मालक फळ्या मोजत होता. मी दोन पोती भुसा मागितला, त्याने कोपऱ्यातल्या ढिगाकडे मान उडवली. मग मी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दर लिहून मागितला, आणि ओळखीच्या आणखी दोन वखारी असतील तर त्यांचाही, याच्यापेक्षा थोडा जास्त.

त्याने टेप खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि पोऱ्याला ओरडून सांगितलं, ‘ए, सरांना चार पोती भरून दे. फुकट. आणि रिक्षात बसवून ये.’