बोलतोय म्हणजे सुटला, हे ठरवलं कुणी?

मामांनी काल फॅमिली ग्रुपवर टाकलंय, ‘विषबाधा झालेला माणूस वाचणार का, घरीच ओळखा’. फवारणीचे दिवस, गावाकडं घरोघरी औषधाचे डबे पडलेत आणि त्यात हे. मेसेजचं म्हणणं असं: माणूस बोलत असेल तर धोका नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी काढली की विष बाहेर, डोळ्याची बाहुली मोठी झाली की आशा सोडा, 24 तास निघाले की घरी न्या.

बोलण्याचा मुद्दा सगळ्यात घातक. अर्धं खरं आहे, बरं का, शुद्ध किती आहे ते डॉक्टरही आधी बघतात, त्याला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात, 3 ते 15 मार्क. पण श्रीलंकेत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या पेशंटवर अभ्यास झाला, 2008 ला छापून आला, त्यात 13 किंवा त्याहून कमी स्कोअर म्हणजे जास्त धोका हे दिसलंच, पण फेन्थिऑन या त्यातल्याच एका कीटकनाशकाचे जे पेशंट पुढे दगावले त्यातल्या निम्म्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा लक्षणं किरकोळ होती. निम्म्यांना! म्हणजे नुसतं तोंडाकडं बघून भागत नाही, पोटात नेमकं काय गेलंय ते कळायला लागतं. पॅराक्वाट या तणनाशकाचा पेशंट तर शुद्धीवर असतो, नीट बोलतो, आणि मग काही दिवसांत किडनी, फुप्फुसं निकामी होत जातात.

24 तासांचं तर डोक्यात जातं. ऑर्गॅनोफॉस्फेटमधे साधारण 24 ते 96 तासांच्या दरम्यान काही पेशंटना मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, व्हेंटिलेटर लागतो. मेसेज घरी न्यायला सांगतो ती नेमकी हीच वेळ.

बाहुलीचं उलटंच आहे. या विषानं ती सहसा बारीक टाचणीएवढी होते, त्यावरचं ॲट्रोपिन हे औषध दिलं की मोठी होते. म्हणजे इंजेक्शन लागू पडतंय आणि नातेवाईक बाहेर रडारड करणार.

मिठाचं पाणी नकोच. उलटी श्वासनळीत गेली की नवं दुखणं, मीठ जास्त झालं की तेही जिवावर बेततं. आणि यवतमाळला 2017 मधे फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, त्यांच्या अंगात विष कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं, तिथं उलटी काढून काय मिळणार होतं?

मामा, तो मेसेज डिलीट करा. असं काही झालं तर 108 ला फोन लावा, भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवा (हातमोजे घालून), आणि औषधाचा डबा, निदान लेबलचा फोटो तरी, डॉक्टरांना दाखवा.