लोळा आणि लोकप्रिय व्हा

इंटरनेटवर नाव कमवायचंय ना? मग फुटबॉल शिकायचं खूळ आधी डोक्यातून काढा. ब्राझीलच्या नेमारने त्यात अख्खं लहानपण घातलं, देशासाठी ७९ गोल ठोकले, २०२३ मध्ये फिफाच्या हिशेबाने पेलेचा ७७ गोलांचा विक्रमही मोडला. बरं, मग? त्यातला एक तरी गोल तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला? त्याचा गडाबडा लोळतानाचा व्हिडिओ मात्र ऑफसाइड कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या काकांनीही पाठवला असेल, वर तीन हसरे चेहरे चिकटवून.

तेव्हा लोळायला शिका. २०१८ च्या विश्वचषकातला सर्बियाविरुद्धचा सामना अभ्यासाला घ्या. तुमच्याआमच्यासारखा माणूस पडला की पडल्या जागी विव्हळतो. नेमारने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली आणि उताराला लागलेल्या पिंपासारखा तो सुटला तो सुटलाच. पुढचं काम जनतेवर सोडा. कुणीतरी 'नेमार!' ओरडायचं आणि बाकीच्यांनी जमिनीवर अंग टाकून लोळायचं, असं चॅलेंजच निघालं. त्या स्पर्धेत चार सामन्यांत मिळून तो सुमारे १४ मिनिटं आडवा होता, असा हिशेब एका स्विस वाहिनीने मांडला. घड्याळवाल्यांचाच देश तो, दुसरं काय करणार! तुम्ही सुरुवात घरी गादीवर करा. फरशीवर कोपरं सोलवटतात.

मात्र खरोखर हाड मोडून घेण्याचा आगाऊपणा नको. २०१४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या सुनिगाचा गुडघा पाठीत बसला, नेमारचा मणका मोडला आणि तो स्ट्रेचरवरून बाहेर गेला. चारच दिवसांनी त्याच्याविना खेळणाऱ्या ब्राझीलला जर्मनीने ७-१ असं धुतलं. त्या स्ट्रेचरचं चॅलेंज कुणी काढलं नाही. खऱ्या दुखण्यात काय गंमत?

लोक फारच हसायला लागले तर? पडलो तरी नाक वर! पण नाक खाली घ्यायचंच झालं तर फुकट घेऊ नका. २०१८ च्या जुलैअखेरीस नेमारने 'मी कधीकधी जरा जास्तच करतो' अशा अर्थाची कबुली दिली, ती जिलेटच्या जाहिरातीत. पश्चात्तापाला प्रायोजक मिळेपर्यंत कळ काढता आली पाहिजे.

खेळ बंद पडला तरी घाबरू नका. २०२३ मध्ये सौदीच्या अल-हिलालने त्याच्यासाठी सुमारे ९ कोटी युरो मोजले. त्याच ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला, आणि २०२५ च्या जानेवारीत क्लब सोडेपर्यंत त्याचे तिथले सामने भरले सात. इन्स्टाग्रामवर मात्र वीस कोटींहून जास्त मंडळी हजर! त्यांना सामना कशाला हवा? रोज एक फोटो टाकत राहा. गुडघ्यावर बर्फाची पिशवी असेल तर उत्तम.