खुलासा : अमेरिकेचा ‘पहिला नंबर’ जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला नाही

‘जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये साथरोगाच्या तयारीत अमेरिकेला पहिला नंबर दिला, आणि कोरोनात तिथेच लाखो माणसं गेली. म्हणजे ही सगळी मूल्यमापनं बोगस’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातली लाखो मृत्यूंची गोष्ट दुर्दैवाने खरी आहे. बाकीचं तपासून घ्या.

ती क्रमवारी ‘ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स’ची. १९५ देशांचा हा निर्देशांक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या केंद्राने न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्ह या संस्थेबरोबर, इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या मदतीने काढला होता. त्यात अमेरिका १०० पैकी ८३.५ गुणांनी पहिली आली, हे बरोबर. पण त्याच अहवालात ‘उपचार मिळण्याची सोय’ या रकान्यात तिचा क्रमांक १७५वा होता! मेसेज लिहिणाऱ्याने तेवढाच रकाना गाळला, आणि मला राग येतो तो त्याचाच. शिवाय सर्व देशांची सरासरी जेमतेम ४०.२ होती, पूर्ण तयार कोणीच नाही, असं अहवालात स्पष्ट म्हटलं होतं.

आरोग्य संघटनेची पद्धत वेगळी आहे. तिचं ‘संयुक्त बाह्य मूल्यमापन’ २०१६ मध्ये सुरू झालं, तेही देशाच्या संमतीनेच होतं. आधी देश स्वतःला गुण देतो, मग बाहेरचे तज्ज्ञ येऊन त्याच्या अधिकाऱ्यांसोबत बसतात आणि प्रयोगशाळा, लसीकरण, रोगसर्वेक्षण अशा एकेका बाबीला १ ते ५ गुण ठरवतात. त्यात देशांची क्रमवारी लावली जात नाही.