ओळखलंत का, काका?

लग्नाच्या जेवणात जिलबीच्या रांगेतून बाहेर पडतोय, तोच मागून हाक आली. "ओळखलंत का, काका?"

वळून पाहिलं. तिशीचा माणूस, निळा कुर्ता, जाडजूड भुवया. त्याचा प्रश्न धड संपलाही नव्हता आणि मी बोलून गेलो, "वा! न ओळखायला काय झालं?"

इथेच फसलो. भुवया ओळखीच्या होत्या, त्यात शंकाच नव्हती. पण कोण, कुठला, कधी भेटला? पाटी कोरी.

ओळखणं आणि आठवणं असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, ते उगाच नाहीत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते मेंदूतही ही दोन वेगळी खाती आहेत. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहिल्या, तर 'हे आधी पाहिलंय' ही खूण साधारण 300 ते 500 मिलिसेकंदांत उमटते आणि तपशिलाची खूण 500 ते 800च्या दरम्यान. म्हणजे पहिला कारकून अर्ध्या सेकंदात शिक्का मारून मोकळा, आणि दुसरा फाइल शोधायला आत गेलेला. माझा दुसरा कारकून आत जातो तो थेट चहालाच.

हिंट्झमन आणि करन या मानसशास्त्रज्ञांनी 1994मध्ये लोकांची अशीच गंमत पाहिली. शब्दांच्या यादीत समजा 'आंबे' दाखवले आणि नंतर विचारलं, 'आंबा' होता का? घाईघाईत उत्तर द्यायला लावलं की माणूस 'हो' म्हणतो. जरा वेळ दिला की 'छे, आंबे होते' हे आठवून सावरतो. मला वेळ कोणी दिला नव्हता असं नाही, मीच घेतला नाही.

"काय, काम कसं चाललंय?" मी खडा टाकला.

"नेहमीचंच. पहाटेपासून दारोदार."

दूधवाला? पेपरवाला?

"तुमच्याकडे दर तीन महिन्यांनी येतोच की!"

दर तीन महिन्यांनी दूध कोण घालतं?

जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने 1980मध्ये हेच दुखणं सांगितलं होतं: बसमध्ये एक माणूस दिसतो, खात्रीने ओळखीचा वाटतो, पण तो आपला खाटीक आहे हे काही केल्या आठवत नाही. दुकान नाही, सुरा नाही, मग आठवणार कसं? हा तर माझ्यासमोर निळ्या कुर्त्यात, अत्तर लावून उभा. आणि बोलताना माझ्या तोंडाकडे कमी, ताटाकडे जास्त पाहत होता.

"काका, तीन?"

हा केटररचा माणूस, जिलब्या मोजतोय! मला घाम फुटला. शेवटचा उपाय म्हणून बायकोला पुढे ओढलं. "ही आमची मंडळी." आता तरी हा स्वतःचं नाव सांगेल.

"काकूंना ओळखतो ना! दार त्याच उघडतात."

"बघा ना," ही म्हणाली, "आता तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी."

म्हणजे हिला ठाऊक होतं! मी ताट खाली ठेवलं आणि पुरावा कमी करावा म्हणून एक जिलबी हातात घेतली.

"सोमवारी येतो, काका," तो हसत म्हणाला. निरोप घेताना त्याने माझा कोपर धरला आणि त्याचा अंगठा सवयीने नेमका कोपराच्या खळग्यात टेकला.

कारकून फाइल घेऊन धावत बाहेर आला. सकाळचे सात, उपाशी पोट, मास्कच्या वर दिसणाऱ्या तेवढ्या भुवया, दंडाला रबरी पट्टा.

पण माझी मूठ त्याच्याही आधी, घट्ट, आवळली गेली होती. जिलबीसकट.