इंजिन लहान आहे म्हणून अडत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाई,

छोट्या मॉडेल रेल्वे इंजिनांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. लगेच लिहायला बसलो नाही, कारण तुमच्या एका मुद्द्यासाठी इंजिन उलटं करून चाकं बघायची होती. ती बघून झाली. त्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, म्हणून आधी तेच.

चाकं काळी पडली की बारीक एमरी पेपरने घासा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, त्याने ओरखडे पडतात, ओरखड्यांत मळ बसतो आणि चाकं आणखी लवकर काळी होतात. भिंगाखाली धरून पाहिलं. चाकाच्या घेरावर आडव्या रेघाच रेघा, आणि प्रत्येक रेघेत काळं भरलेलं. शेजारी दुसऱ्या इंजिनाचं चाक धरलं, जे मी फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसतो. ते अजून आरशासारखं आहे. मी चुकीचा सल्ला दिला होता. तो परिच्छेद काल काढून टाकला आणि तिथे तुमच्या सूचनेचा उल्लेख केला आहे.

बाकीचं मात्र पटत नाही. तुम्ही लिहिता की तीन आसांची आणि दोन आसांची शंटिंग इंजिनं, म्हणजे यार्डात डबे हलवणारी, मुळातच भरवशाची नसतात, सांध्यावर (जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे) अडायचीच. एक तर डीसीसी (रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आदेश देणारी पद्धत) घेऊन आत स्टे-अलाइव्हचा, म्हणजे वीज तुटली तरी क्षणभर इंजिन चालू ठेवणारा, कपॅसिटर बसवा, नाहीतर सरळ सहा आसांचं मोठं इंजिन घ्या. शिवाय गोव्याच्या पावसात हा नाद चवथीनंतरच करावा, आणि चार वाघिणी (मालडबे) पुढेमागे ढकलण्यात काही राम नाही.

अडण्याचंच आधी घेतो, कारण तिथेच खरी गोम आहे. माझ्याकडचं इंजिन ब्रिटिश रेल्वेच्या क्लास ०८ या शंटिंग इंजिनाचं ओओ, म्हणजे १:७६ मापाचं, मॉडेल आहे. ही इंजिनं १९५२ ते १९६२ मध्ये ९९६ बांधली गेली. खऱ्या इंजिनाच्या पहिल्या आणि शेवटच्या आसांमधलं अंतर ११ फूट ६ इंच, म्हणजे मॉडेलवर ४६ मिलिमीटर. इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते, पण सांध्यातल्या फ्रॉगला (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लॅस्टिकचा निर्जीव तुकडा असतो; माझा मोजला, तो २४ मिलिमीटर भरला. एका बाजूला तीन चाकं. हिशेब केला तर त्या बाजूचं किमान एक चाक कायम जिवंत रुळावर असतं, म्हणजे इंजिन अडायलाच नको. तरीही ते अडत होतं, आणि नेमकं एकाच सांध्यावर.

स्टीलची पट्टी त्या सांध्यावर आडवी धरली. फ्रॉगच्या पुढचा रूळ केसभर खाली बसला होता. म्हणजे दोन चाकं प्लॅस्टिकवर आणि ज्या तिसऱ्यावर सगळी भिस्त, ते अधांतरी. मोठं इंजिन तिथून खुशाल जातं, कारण त्याच्या बोग्या (चाकं बसवलेल्या चौकटी) रुळाप्रमाणे वर-खाली होतात आणि बाराच्या बारा चाकं वीज उचलत असतील तर एखाद्याची उणीव भासत नाही. चूक तेव्हाही तिथेच असते, फक्त दिसत नाही. मी त्या रुळाखाली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी सरकवली. दोन वर्षं मी ज्या इंजिनाला दोष देत होतो, ते त्या संध्याकाळपासून त्या जागेवर एकदाही थांबलेलं नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की छोटं इंजिन विकत घेतलंत तर रूळ त्याच्यासाठी टाका. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची तार डाखून घ्या. फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) वीज वाहून नेण्याचं काम सोपवू नका. ती रूळ सरळ धरण्यासाठी असते, आणि आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते. फ्रॉग धातूचाच घ्या. फ्रॉगची तार तीन पायांच्या स्विचच्या मधल्या पायाला, कडेचे दोन पाय दोन बाहेरच्या रुळांना, आणि फ्रॉगच्या पुढे दोन्ही आतल्या रुळांवर प्लॅस्टिकचे जोड. मी साधा सरकता स्विच फळीच्या कडेला बसवला आहे. त्याच्याच दांड्याला जाड तार बांधून ती सांध्याच्या टायबारपर्यंत (सांध्याच्या पात्या हलवणाऱ्या पट्टीपर्यंत) नेली, म्हणजे स्विच सरकवला की सांधाही बदलतो आणि फ्रॉगची वीजही. प्लॅस्टिकचे जोड विसरलात तर पहिल्याच फेरीत शॉर्ट होईल.

दोष शोधायची एक रीत तुम्हाला नक्की आवडेल. रात्री खोलीतले दिवे घालवा, इंजिन अगदी कमी वेगात सोडा आणि डोळे रुळाच्या पातळीला आणा. जिथे वीज तुटते तिथे चाकाखाली निळी ठिणगी दिसते. तिथल्या तिथे खडूने खूण करा. माझ्या साडेचार फुटांच्या फळीवर पहिल्या रात्री अकरा खुणा झाल्या होत्या. त्यातल्या सात फिशप्लेटच्या होत्या.

कपॅसिटरला माझा विरोध नाही. दोन आसांच्या अगदी छोट्या इंजिनात तो लावावाही. पण शंटिंगमध्ये त्याचा एक तोटा आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत. इंजिन मळक्या जागेवर असताना तुम्ही वेग शून्यावर आणलात, तर तो आदेश डीकोडरपर्यंत (इंजिनातल्या, आदेश वाचणाऱ्या चिपपर्यंत) पोचतच नाही. कपॅसिटरमधल्या विजेवर ते पुढे जात राहतं, पुन्हा चांगला रूळ लागेपर्यंत. मेन लाइनवर हे चालून जातं. बफरपासून चार सेंटिमीटरवर थांबायचं असेल तेव्हा चालत नाही.

वजनाचं तुम्ही बरोबर लिहिलंत, त्यात थोडी भर घालतो. वास्कोत मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गळाचं शिसं मिळतं. ते ठोकून चपटं केलं आणि आतल्या मोकळ्या जागेत बसवलं, पण बरोबर मधल्या आसावर. एका टोकाला बसवलं तर दुसरं टोक उचललं जातं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

आता पाऊस. आमचं घर समुद्रापासून फार लांब नाही, जूनपासून भिंतीसुद्धा घाम सोडतात. पण पावसात रुळांपेक्षा जास्त त्रास देतो तो प्लाय. तो फुगतो, फळी वाकते, आणि वर सांगितलेला केसभर फरक तिथूनच येतो. मरीन प्लाय घेऊन दोन्ही बाजूंना आणि कडांनाही वॉर्निश दिल्यापासून फळी जागची हललेली नाही. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि पितळेच्या मानाने ते कमी त्रास देतात. चवथीच्या दिवसांत धूप-अगरबत्तीचा बारीक चिकट थर मात्र रुळांवर बसतोच. आरती झाली की कापड फिरवायचं, पाच मिनिटांचं काम. वर्षाचे चार महिने इंजिन खोक्यात ठेवायचं कारण मला दिसत नाही.

क्लास ०८ भारतीय नाही, हे खरंच. आपल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनासारखं तीन आसांचं आणि बाजूला दांड्या असलेलं म्हणून मी ते निवडलं. आणि मापाचंच बोलायचं तर आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:७६ मध्ये २२ मिलिमीटर व्हायला हवा, माझे रूळ १६.५ चे आहेत. ही तडजोड मी जाणूनबुजून केली आहे.

शेवटचा मुद्दा मला खरोखर लागला. शंटिंगमध्ये राम नाही, असं तुम्ही कुळ्याला, घाटाच्या पायथ्याच्या स्टेशनात, उभ्या गाडीत बसून म्हणाल का? तिथे घाटासाठी मागे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, ३७ ला १ चा चढ आहे. सगळा डबा झोपलेला असतो, मग मागून तो हलकासा धक्का येतो. त्या धक्क्यामागे कुणीतरी इंजिन इंचाइंचाने आणलेलं असतं. लहानपणी वास्कोच्या यार्डाच्या कुंपणाशी उभा राहून मी हेच तासन्‌तास बघायचो. तेव्हा मीटर गेज होता. सांधेवाला हातातला झेंडा जितका हळू हलवायचा तितकंच हळू इंजिन यायचं, आणि वाघिणी जोडल्याचा आवाज घरापर्यंत ऐकू यायचा.

माझी फळी अ‍ॅलन राइट यांच्या इंगलनूक मांडणीची आहे. तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून ठरलेल्या पाच, ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे ६७२० क्रम होतात. खऱ्या यार्डातला ताशी १५ किलोमीटरचा वेग या मापात सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर पडतो; मी त्याच्याही निम्म्याने चालवतो. एक गाडी लावायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात दुसरा कसलाही विचार मनात येत नाही.

तारेबद्दल विचारलं होतंत: रुळाला डाखायला टेलिफोन केबलमधली एकतारी तार, आणि फळीखालून जाणारी मुख्य तार घराच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएम. दोन रंग ठेवा, पुढच्या रुळाला एक आणि मागच्याला दुसरा. तुमचं दोन आसांचं अडणारं इंजिन एखाद्या रविवारी घेऊन या. आधी माझ्या फळीवर चालवून बघू, मग तुमच्याकडे खडू घेऊन मी येतो.