टोकन विकणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन! टोकन, म्हणजे स्वतःचं क्रिप्टो नाणं, तयार झालं म्हणे तुमचं. त्यात तसं फार काही नसतं. तयार साचा उचलला, नाव बदललं, एकूण नाणी किती तो आकडा भरला, की संध्याकाळच्या चहाआधी काम होतं. कष्ट आहेत ते पुढे. आता या टोकनाबद्दल लिहायचंय: वेबसाइट, श्वेतपत्रिका (नाणं कशासाठी आणि कसं चालतं ते सांगणारा दस्तऐवज), टेलिग्रामवरच्या घोषणा, यूट्यूबवर 'सोप्या भाषेत' व्हिडिओ. आणि भलेभले होतकरू प्रकल्प इथेच माती खातात. लोकांना समजेल असं काहीतरी लिहून बसतात. मग लोक प्रश्न विचारतात. ती वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढ्याच कळकळीने सांगतोय.

श्वेतपत्रिकेपासून सुरुवात करू. सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची श्वेतपत्रिका काढली, ती अवघी ९ पानांची. मध्ये बँक न घालता दोघांनी एकमेकांना पैसे कसे द्यायचे आणि तेच नाणं कोणी दोनदा कसं खर्चू नये, ही अडचण पहिल्याच पानावर सांगून टाकलेली. पुढे तिच्यावरचा उपाय. भाव किती चढेल याबद्दल अवाक्षर नाही. रोडमॅप नाही, टीमचे हसरे फोटो नाहीत आणि कहर म्हणजे 'ब्लॉकचेन' (अनेक संगणकांवर एकच प्रत असलेली, मागाहून सहसा बदलता न येणारी नोंदवही) हा शब्दही त्यात नाही! आजच्या एखाद्या मार्केटिंग एजन्सीने या गृहस्थांना दारातही उभं केलं नसतं.

तुमची पत्रिका किमान ६० पानांची हवी. पहिली दहा-बारा पानं मानवजातीच्या आर्थिक इतिहासावर खर्च करा: वस्तुविनिमय, कवड्या, सोनं, आणि शेवटी २००८ ची मंदी. मग षटकोनांची निळी जाळी असलेलं एक चित्र. त्यानंतर टोकनांचं वाटप दाखवणारी रंगीत गोल आकृती, तिच्यात संस्थापकांचा वाटा सगळ्यात फिकट रंगात. लिहायचा कंटाळा आला तर सरळ उचला. जानेवारी २०१८ मध्ये ट्रॉन या क्रिप्टो प्रकल्पाच्या श्वेतपत्रिकेतले उतारे फाइलकॉइन आणि आयपीएफएस या दुसऱ्या प्रकल्पांच्या कागदपत्रांमधून उचललेले आढळले. त्यावर संस्थापकांचा खुलासा असा, की मूळ मजकूर चिनी भाषेत होता, इतर भाषांतली रूपांतरं स्वयंसेवकांनी केली, त्यात काही तपशील राहून गेले. हा खुलासा लिहून ठेवा, उपयोगी पडेल. (ट्रॉन आजही धडधाकट आहे, डॉलरशी बांधलेल्या टेथर या नाण्याची प्रचंड उलाढाल त्याच्यावर चालते. तेव्हा नक्कल केली की वाटोळं होतं, असलं काही मनात आणू नका.)

आता शैली. नमुना घ्या: 'आमचा विकेंद्रित, आंतरसाखळी, एआय-सक्षम लिक्विडिटी प्रोटोकॉल पुढच्या अब्ज वापरकर्त्यांसाठी वेब-३ चं दार उघडतो.' या वाक्यातलं तुमचं नाव काढून शेजारच्या प्रकल्पाचं टाकून बघा. चपखल बसलं ना? मग वाक्य पास. याच्या उलट, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचं घ्या. तिथे २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम झालं. कशासाठी, तर दाखला खरा की बनावट हे कोणालाही पडताळता यावं म्हणून. संपलं! कोणाची कुठली अडचण सुटते, ते एका दमात सांगून झालं. आता मला सांगा, यावर कोण रॉकेटची चित्रं टाकणार? तहसील कचेरीच्या रांगेला 'क्रांती' म्हणण्याइतकं कोणाचं मन मोठं आहे?

नावाकडे दुर्लक्ष नको. न्यूयॉर्कमधली एक कंपनी बाटलीबंद थंडगार चहा विकायची, लाँग आयलंड आइस्ड टी. डिसेंबर २०१७ मध्ये तिने नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' केलं आणि एका दिवसात शेअर जवळजवळ तिप्पट झाला. चहा तोच होता. पुढल्या वर्षी नॅस्डॅक शेअर बाजाराने तिला बाहेर काढलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे एसईसीने, तिच्या शेअरची नोंदणीच रद्द केली. पण तो एक दिवस कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

'आमची टीम' या पानासाठी माणसं लागतातच असं नाही. मिरोस्की नावाच्या एका प्रकल्पाच्या पानावर ग्राफिक डिझायनर म्हणून ज्यांचा फोटो होता, ते हॉलिवूडचे नट रायन गॉसलिंग निघाले. नाव अर्थात वेगळं दिलेलं. सेंट्रा टेकने तर अख्खा सीईओच कल्पनेतून उभा केला, भारदस्त चरित्रासकट, आणि व्हिसा-मास्टरकार्डशी करार असल्याचं ठोकून दिलं. एसईसीच्या म्हणण्यानुसार त्यांनी ३.२ कोटी डॉलर गोळा केले. कल्पनेतल्या सीईओचा एक फायदा खऱ्याला कधीच देता येत नाही: त्याला अटक होत नाही. संस्थापकांना झाली.

बरं, 'ज्ञान' विकण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या धंद्यातला खरा कस इथे लागतो. सरळ नाणं विकलं तर लोक विचारतात, हे कशाला? शिक्षण विकलं तर कोणी विचारत नाही. शिक्षण कशाला, असं मराठी माणूस तरी विचारणार नाही. वनकॉइन नावाच्या कंपनीने हेच केलं. त्यांची कागदोपत्री विक्री होती ती 'शैक्षणिक पॅकेज'ची, शंभर युरोपासून एक लाखावर युरोपर्यंत. पैसे भरले की धड्यांच्या फायली मिळायच्या आणि त्यांच्यासोबत टोकन. धड्यांतला बराच मजकूर इकडून तिकडून उचललेला होता, पण वाचणार होतं कोण? वनकॉइनच्या संस्थापक डॉ. रुजा इग्नातोव्हा जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात हजारोंच्या टाळ्यांत, पायघोळ झगा घालून मंचावर आल्या आणि म्हणाल्या, दोन वर्षांत बिटकॉइनचं नावही कोणी काढणार नाही. गंमत अशी, की या सगळ्यात एकच गोष्ट नव्हती: ब्लॉकचेन. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाई सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसल्या आणि नाहीशा झाल्या. जून २०२२ पासून एफबीआयच्या दहा अतिशय हव्या असलेल्या फरारींच्या यादीत त्यांचं नाव आहे.

आपल्याकडेही त्यांचे वर्ग भरत. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने अशाच एका सभेवर छापा घालून १८ जणांना धरलं. सभेला पोलीस श्रोते म्हणून आधीच येऊन बसले होते. म्हणजे बघा, तुमचा मजकूर शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकणारा श्रोता हवा असेल, तर तो कुठे मिळतो!

परताव्याचा आकडा मोठ्या टायपात द्या, पण कशात मिळणार ते बारीक टायपात. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं सांगून बिटकॉइन गोळा केले. पुण्यातही पुष्कळांनी दिले. परत द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन हातावर ठेवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. लिहिणाऱ्याची चूक मात्र कुठे दिसत नाही. 'परतावा' म्हटलं होतं, परतावा दिला!

शुद्धलेखनात वेळ घालवू नका. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर टोकन निघालं. वेबसाइटवर स्पेलिंगच्या चुका, व्याकरणाची वाट. तरी भाव चढत चढत २,८०० डॉलरच्या पुढे गेला. विकत घेता येत होतं, विकता येत नव्हतं, आणि भाव चढण्यामागे हे एवढंच गुपित होतं. १ नोव्हेंबरला तो शून्यावर आला. सहा दिवसांच्या आयुष्यात कोणी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं?

प्रसिद्ध चेहरा घेतलात तर त्याला काय विकतोय ते सांगत बसू नका, गोंधळतो बिचारा. अमेरिकेतल्या टीव्ही तारका किम कर्दाशियन यांनी एका टोकनाची जाहिरात करणाऱ्या इन्स्टाग्राम पोस्टचे अडीच लाख डॉलर घेतले, ही गोष्ट पोस्टमध्ये सांगायची राहिली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एसईसीशी १२.६ लाख डॉलरवर मिटवावं लागलं. एफटीएक्स या क्रिप्टोच्या खरेदी-विक्री बाजाराने फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या जाहिरातीत, विनोदी लेखक लॅरी डेव्हिड यांना घेतलं. जाहिरातीत ते चाकापासून बल्बपर्यंत प्रत्येक शोधाला नाकं मुरडतात आणि शेवटी एफटीएक्सलाही नको म्हणतात. लॅरीसारखे वागू नका, असा संदेश. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफटीएक्स बुडाली. क्रिप्टोच्या जाहिरातींत एवढा अचूक आर्थिक सल्ला माझ्या तरी पाहण्यात नाही.

भारतात यावर विरजण पडलंय. २०२१ च्या टी-२० विश्वचषकात आणि दिवाळीत दर दोन षटकांमागे एक क्रिप्टोची जाहिरात लागायची, ते दिवस गेले. १ एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेचे नियम आले: हे उत्पादन अनियंत्रित आहे, जोखीम मोठी आहे, नुकसान झालं तर कायद्याने दाद मागता येईलच असं नाही, हे सांगायचं. तेही म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीसारखं एका श्वासात नाही, तर नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने. 'करन्सी' हा शब्दही वापरायचा नाही. त्याच तारखेपासून नफ्यावर ३० टक्के कर. जे अनियंत्रित आहे त्याच्या नफ्यात सरकार भागीदार, नुकसानीत नाही. या एका वाक्यात सरकारने तुम्हा सगळ्यांना मागे टाकलंय, हे दिलदारपणे मान्य करा.

आता 'कम्युनिटी'. म्हणजे टेलिग्रामचा गट. सदस्य ४० हजार, त्यातले बरेचसे एअरड्रॉपचा फॉर्म भरून फुकटची नाणी घ्यायला आलेले आणि उरलेल्यांतले बरेच विकत घेतलेले. आदर्श संवाद कसा असावा, बघा.

'ॲडमिन सर, तीन दिवस झाले, पैसे निघत नाहीयेत. पेंडिंग दाखवतंय.'

'भावा, मेंटेनन्स चालू आहे. मोठी बातमी येतेय. तयार राहा!'

'पण पैसे भरायचं तर चालूच आहे ना? आत्ता एकाने भरले.'

'एफयूडी पसरवू नका.'

(एफयूडी म्हणजे भीती, अनिश्चितता, शंका; इथे प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला हेच नाव.) या व्यक्तीला गटातून काढण्यात आलं आहे. लगेच खाली चौदा रॉकेटं, सहा जणांचं 'जीएम', आणि एक जण विचारतो, 'सर, पुढच्या एअरड्रॉपचा फॉर्म कधी?' रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, पण गुड मॉर्निंगला या जगात वेळकाळ नसतो. बाहेर काढलेल्या त्या एकालाच तुमचं उत्पादन खरोखर वापरायचं होतं, ही गोष्ट मात्र एजन्सीच्या महिन्याच्या अहवालात येता कामा नये. तिथे 'एंगेजमेंट' वाढलेली दिसली पाहिजे.

शेवटी संकटकाळातलं लेखन. एरवी दिवसाला दहा पोस्ट टाकणाऱ्याने अशा वेळी गप्प बसावं, किंवा छोटं आणि ठाम लिहावं. ७ नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्सच्या प्रमुखांनी ट्विट केलं, की एफटीएक्स ठीक आहे, मालमत्ता ठीक आहे. ११ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज. मधल्या काळात ट्विट पुसलं, कारण नीटनेटकेपणा हवाच. लोकांच्या क्रिप्टो ठेवी घेणाऱ्या सेल्सियस कंपनीचं वर्षानुवर्षांचं ब्रीद होतं, बँकेपासून सुटका करून घ्या. १२ जून २०२२ ला त्यांनी सगळ्यांचे पैसे अडकवले. निवेदनाचा आशय असा, की लोकांना पुढेमागे पैसे काढता यावेत, यासाठी पैसे काढणं बंद करत आहोत. पुन्हा वाचा. मास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवावं असं वाक्य आहे. आपल्या वझीरएक्स या क्रिप्टो बाजाराने जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलरहून अधिक चोरीला गेल्यावर वेगळी वाट धरली: नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायचं, ५५ टक्के हाती आणि ४५ टक्के अडकलेले. आणि त्यावर लोकांचं मत मागवलं! ओरड झाली तेव्हा कळवलं, की हे मत काही बंधनकारक नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं खरं लिहिलं तर विकलं जाणार नाही. त्याचाही अनुभव घेऊन झालाय. २०१७ मध्ये एकाने 'निरुपयोगी इथेरियम टोकन' याच नावाने विक्री काढली. वेबसाइटवर स्वच्छ लिहिलं, की इंटरनेटवरच्या एका अनोळखी माणसाला तुम्ही पैसे देणार आणि तो त्यातून स्वतःसाठी वस्तू घेणार. लोकांनी तीनशेहून जास्त ईथर, म्हणजे इथेरियमची नाणी, दिली. पण हा मार्ग तुम्हाला झेपणार नाही, त्याला विनोदबुद्धी लागते.

त्यापेक्षा तयार माल घ्या. मे २०१८ मध्ये खुद्द एसईसीने 'हाउईकॉइन्स' नावाच्या खोट्या नाण्याची वेबसाइट काढली, फसव्या योजना कशा दिसतात ते लोकांना कळावं म्हणून. प्रवासाचं स्वप्न, श्वेतपत्रिका, नामवंतांची शिफारस, सवलत संपायला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ, सगळं आहे. तुमची साइट तिच्याशेजारी उघडून ठेवा आणि जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्ती करा. फक्त 'आत्ताच नाणी घ्या' हे बटण तेवढं बदला. त्यांचं दाबलं, की फसवणूक कशी ओळखावी त्याचं पान उघडतं.