गाडी हलवू नका रे बाबांनो!

कँटोन्मेंटमधे अपघात झाला की आम्ही मिलिटरी पोलीसवाले टेप आणि खडू घेऊन पोचेपर्यंत दोन्ही गाड्या साइडला लावून मोकळे! वर काय तर "साहेब, ट्रॅफिक अडत होतं". अरे पण धडक नक्की कुठे बसली ते आता मी कुणाला विचारू, वडाच्या झाडाला? काचांचा चुरासुद्धा कुणीतरी झाडून कडेला लावलेला (फौजेत झाडायला सांगावं लागत नाही). आणि स्पीड तर प्रत्येकाचा तीसच असतो, रस्त्यावर 20 मीटर टायरचे काळे पट्टे उठलेत, कोरड्या डांबरावर एवढं घासत जायला साधारण साठचा स्पीड लागतो, तरी ह्याचं आपलं "तीसच होता साहेब". मग कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (म्हणजे फौजेतल्या चौकशीत) मलाच झापणार, अपघाताच्या जागेच्या स्केचमधे मापं अर्धवट का?